तेरडी रंगाची चाळ

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला लॅबबाहेर काढण्यात आलं, ते माझ्या ड्रेसवरून. आईने हौसेने शिवून घेतलेला राणी कलरचा पंजाबी ड्रेस होता. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या रंगाच्या कारखान्यात बी.एस्सी.ची मार्कशीट छातीशी धरून मी लॅबचं दार ढकललं, तर उत्तरेकडच्या खिडकीशी पाठमोरा उभा असलेला एक किडकिडीत माणूस मागे वळूनही न बघता म्हणाला, "कोण आलंय लाल घालून? आधी बाहेर व्हा."

मला राग आला. पहिला दिवस असला म्हणून काय झालं, राग येतोच. मी दारातूनच म्हटलं, "हा लाल नाहीये. राणी आहे."

तेव्हा ते वळले. हातात नुकती पांढरी रंगवलेली पत्र्याची पट्टी होती. माझ्या ओढणीकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "बरोबर. राणी. लालातला निळा दिसतोय तर तुला. मग ये आत. पण खुंटीवरचा तो करडा एप्रन आधी चढव. तुझा ड्रेस केव्हाचा माझ्या पांढऱ्यात सांडतोय."

कारखान्यात त्यांना सगळे काका म्हणत, मॅनेजरसुद्धा. काम रंग जुळवण्याचं. गिऱ्हाईक पत्र्याचा तुकडा, कापडाची चिंधी, एकदा तर अर्धं चावलेलं जांभूळ घेऊन यायचं आणि 'अस्सा रंग पाहिजे' म्हणायचं. मग काका पिंपातल्या पांढऱ्यात लाल, पिवळा, निळा थोडा थोडा सोडत, ढवळत, पट्टीवर लावून वाळवत तिथपर्यंत जाऊन पोचायचे. हल्ली हे काम यंत्र करतं. तेव्हा काकांचे डोळे करायचे, आणि गवयाने गळ्याची ठेवावी तशी निगा ते डोळ्यांची ठेवायचे.

स्वतः कायम करड्या शर्टात. डब्यात बीट आणलेल्या माणसाला ते लांब बसायला लावत. संध्याकाळी कारखाना सुटला की सगळे रमतगमत निघायचे आणि काका मान खाली घालून, चपला बघत चालायचे. मावळत्या उन्हाकडे बघितलं की डोळे तासभर खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा म्हटलं, "अहो काका, आता सुटलात ना कामावरून? बघा की जरा वर." तर म्हणाले, "कामावरून मी सुटतो गं. डोळे मात्र उद्या पुन्हा हेच आणायचे असतात."

'जवळपास' हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. मी एकदा पट्टी दाखवून म्हणाले, "काका, जवळपास जुळलाय." त्यांनी पट्टी खाली ठेवली, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "दिवा स्टेशन डोंबिवलीच्या जवळपासच आहे. म्हणून दिव्याच्या माणसाने डोंबिवलीलाच उतरून पथारी टाकायची का?" लॅबमधले सगळे फिदीफिदी हसले. मी ती पट्टी पुन्हा पहिल्यापासून जुळवायला घेतली.

अशा या काटेकोर माणसाचा जीव एका रानझाडात गुंतलेला होता. तेरड्यात.

कारखान्याच्या मागे डोंगर उतरतो तिथे काळ्या दगडांची एक जुनी बांधाची भिंत होती. सिमेंटच्या आधीची, नुसते दगड एकमेकांवर बसवलेली. उन्हाळ्यात तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. पाऊस चांगला मुरला की तिच्या सांधीसांधीतून पाणीदार, लालसर देठांची झाडं डोकं वर काढायची आणि श्रावण संपता संपता अख्खी भिंत फुलायची. त्या एका भिंतीवर जवळजवळ पांढऱ्या गुलाबीपासून थेट जांभळटापर्यंत छटा असायच्या. जेवणाच्या सुट्टीत लोक पत्ते कुटायचे आणि काका डबा घेऊन भिंतीसमोर बसायचे.

"कुंडीतला तेरडा तो नव्हे," ते मला सांगत. "तो भरगच्च, लग्नाला निघाल्यासारखा. हा बघ. पाकळ्या मोजक्या. मागे ही बारीक सोंड. याला माती फार लागत नाही. ओल लागते, थोडी सावली लागते आणि दगडाची सांध लागते. सिमेंट केलंस की संपलं."

ठाणे ते कल्याण कुठे कुठे तेरडा येतो हे त्यांना पाठ होतं. पारसिकच्या डोंगराची ओली बाजू, कल्याणला खाडीकडे उरलेले जुन्या तटाचे दगड, कोणत्या तरी नाल्यावरची दगडी मोरी. पत्तेही ते तसेच सांगायचे: "तेरड्याच्या मोरीवरून डावीकडे वळ." हे सप्टेंबरात ठीक होतं. त्यांच्या पत्त्यावर भर मे महिन्यात लग्नपत्रिका द्यायला निघालेला आमचा एक क्लार्क दुपारभर उन्हात भटकून पत्रिका खिशात घेऊन परत आला होता.

नवा माणूस कामाला लागला की त्याच्या मुठीत काका एक टपोरी, लवदार शेंग ठेवायचे आणि म्हणायचे, "मूठ मीट." मूठ मिटली की शेंग आतल्या आत फटकन फुटायची आणि माणूस किंचाळायचा. माझ्याही वेळी हेच झालं. मुठीत काहीतरी जिवंत वळवळल्यासारखं वाटलं आणि मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खात्यातून लोक धावत आले. काका तोवर खाली वाकून सांडलेलं बी गोळा करत होते. त्यांचा सगळा जीव त्या बियांवर. "एका पावसाचं झाड आहे हे," ते म्हणाले. "जूनमध्ये यायचं, दिवाळीपर्यंत जायचं. मागे कांदा नाही, कंद नाही, खोड नाही. जे काय ठेवायचं ते या बियांत. बी पडायच्या आत कुणी उपटलं तर पुढच्या वर्षी त्या जागेवर कोण येणार?"

आणि नेमकं उपटण्यावरूनच त्यांचं दरवर्षी त्यांच्या घरमालकिणीशी वाजायचं.

काका डोंबिवलीला लागूनच कोपरला एका बैठ्या चाळीत भाड्याने राहत. काकू मी नोकरीला लागायच्या आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. चाळीची मालकीण आगरी, धिप्पाड, नाकात नथ आणि आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. एके काळी तिच्या घरची भातशेती होती, सासरा मिठागरात होता. आता शेतावर चाळ उभी राहिली होती आणि चाळीला लागून बिल्डिंगा. तिच्या लहानपणी बांधाबांधावर मिळणारा तेरडा आता कुठे मिळेना. तिच्याकडे गौर यायची ती तेरड्याची, आणि तेरडा मुळासकट लागायचा. मुळं म्हणजे गौरीची पावलं. तेव्हा दर भादव्यात ती काकांना फर्मान सोडायची: कंपनीच्या भिंतीवरचा तेरडा आणा, मुळासकट आणा.

काका म्हणायचे, "कापून आणतो. हवा तेवढा आणतो. उपटणार नाही."

"पाय नाय तं गवर चालत कशी येल?" ती कमरेवर हात ठेवून विचारायची. "तुमी रंगवाले. बायकांच्या सनातलं तुमाला काय कलतं?"

"नवरात्रापर्यंत थांबा. बी पडलं की सगळा तेरडा तुमचा."

"म्हंजे गवरीला सांगू क, रंगवाल्यांनी तारीख बदललीय, तू नंतर ये?"

शेवटी तह झाला. काकांनी निवडून थोडीच झाडं उपटायची, मुळाशी ओलं गोणपाट बांधून आणायची, आणि गौर घरात असेपर्यंत रोज तिच्यासमोर बसून पिकणाऱ्या शेंगांचं बी गोळा करायची त्यांना मुभा असायची. मी डोंबिवलीतच राहत होते, त्यामुळे गौरीच्या जेवणाला मालकीणबाई मलाही बोलवायची. तेव्हा हा सोहळा मी डोळ्यांनी बघितलाय. खोलीभर बायका, फुगड्या, गाणी, आणि मधोमध गौरीच्या पुढ्यात मांडीवर वर्तमानपत्र पसरून बसलेले करड्या शर्टातले काका. एखादी शेंग पिवळसर झाली की हळूच हात पुढे. एकदा एक म्हातारी पाया पडायला वाकली आणि नेमकी तेव्हाच शेंग फुटून बी तिच्या कपाळावर उडालं. "गवर पावली!" म्हणून बायकांनी एकच गलका केला. काका मात्र त्या म्हातारीच्या पदरात बी शोधत होते. मालकीणबाई हसून हसून भिंतीला टेकली होती.

गौरी बसायच्या आधी काकांची आणखी एक गोष्ट असायची, ती म्हणजे परीक्षा. एक दिवस सकाळी ते मला इनॅमलचा पांढरा ट्रे द्यायचे आणि म्हणायचे, भिंतीवर जितक्या छटा दिसतील त्यातलं एकेक फूल आण आणि सगळी कालवून ठेव. मग खिडकीपाशी उभं राहून ते फुलं लावायला घ्यायचे. फिकटापासून गडदापर्यंत, गुलाबीपासून जांभळ्यापर्यंत, शेजारच्या दोन फुलांत फरक शोधावा लागेल इतकी बारीक रांग. तेरड्याचं खुडलेलं फूल लगेच मलूल पडतं, म्हणून हे झरझर करावं लागायचं. रांग पूर्ण झाली की ते मागे सरकून एकदा बघायचे, स्वतःच "पास" म्हणायचे आणि सगळ्यांना पेढे वाटायचे. स्वतःच्या परीक्षेचे पेढे स्वतः वाटणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही.

मी लागल्याला काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. कल्याणच्या एका मंगल कार्यालयासाठी गुलाबी रंगाची मोठी ऑर्डर होती. काकांनी जुळवली, ड्रम गेले आणि पाऊस सुरू होता होता परत आले. भिंतीवर चढल्यावर रंग गुलाबी दिसत नाही, जांभळा दिसतो, असं माल नेणाऱ्या दुकानदाराचं म्हणणं. काका भडकले. त्यांना भडकलेलं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. "भिंत ओली असेल. गिलावा कच्चा असेल. माझा रंग बरोबर आहे." आणि त्यांच्या हातून कधी चूक झालेली कुणाला आठवतच नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी ते मानलं. मीही मानलं. त्यांच्याकडची पट्टी ते कुणाला दाखवत नव्हते आणि ड्रम तर बंद होते.

मॅनेजर भला माणूस होता. त्याने आठवडाभर विषय काढला नाही. मग एके दिवशी हळूच म्हणाला, "काका, एकदा डोळे दाखवून घेता का?" काका म्हणाले, "भिंत फुलू दे. तेरडा ठरवेल."

त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? घरी माणूस नव्हतं. आयुष्यात जे काही कमावलं ते त्या डोळ्यांत होतं, आणि ते गेले तर त्या खिडकीपाशी उभं राहायचा त्यांना काही हक्क उरणार नव्हता. हे त्यांना कळत होतं आणि आम्हालाही. त्या वर्षी भिंत कधी फुलूच नये असं मला वाटत होतं. पण ती फुलली. इतकी छान कधी फुलली नव्हती.

मी फुलं आणली, कालवली. काका खिडकीपाशी उभे राहिले. मॅनेजर होता, आम्ही सगळे होतो. त्यांचे हात नेहमीसारखेच चालले, न अडखळता. फिकट, त्याहून गडद, त्याहून गडद. पण गुलाबीच्या मधोमध एक जांभळं फूल येऊन बसलं. मग दुसरं. मग शेवटी, जिथे जांभळी यायची, तिथे त्यांनी एक साधं गुलाबी ठेवलं आणि मागे सरकून बघितलं.

ते 'पास' म्हणाले नाहीत. बराच वेळ रांगेकडे बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "तू लाव."

मी नको म्हणून मान हलवली. "लाव गं," ते म्हणाले. "राणी ओळखणारी आहेस तू."

मी जांभळी फुलं एकेक करून उचलली आणि टोकाला नेऊन ठेवली. काका वाकून वाकून बघत होते. मला वाटतं, मी काय हलवलं हे त्यांना माझ्या हातांवरून कळलं, फुलांवरून नाही. "मला ही सगळी सारखीच दिसतायत," ते म्हणाले. मग त्यांनी पेढ्यांचा पुडा सोडला आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. "घे. पास झालीस." आजही पेढा हातात आला की मला आधी तो ट्रे दिसतो.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. पिवळसर पडद्यातून बघत होते ते, त्यात निळा मरून जायचा. डॉक्टर म्हणाले, अजून कच्चा आहे, पिकू दे, मग काढू. त्या काळी असंच असायचं. काकांनी ते लॅबमध्ये येऊन सांगितलं तेव्हा स्वतःच हसले. "मी इतकी वर्षं मालकीणबाईंना जे सांगतो तेच डॉक्टरांनी मला ऐकवलं. पिकल्याशिवाय हात लावायचा नाही."

त्यांची बदली माल पाठवण्याच्या खात्यात झाली. करडा शर्ट त्यांनी सोडला नाही. जेवणाच्या सुट्टीत ते अजून भिंतीसमोर बसायचे. एकदा मी विचारलं, "काका, आता काय दिसतं हो?" म्हणाले, "फुलं आहेत एवढं दिसतं. बाकीचं आठवतं."

आणि ते परत आलेले ड्रम? ते कारखान्याच्या आवारात पडून होते, त्यांच्यावरची लेबलं खरवडून टाकलेली. चुकलेला माल कामगारांना उचलायला द्यायची आमच्याकडे पद्धत होती. कंपनीत रंग फुकट मिळतोय एवढी बातमी कशी कोण जाणे मालकीणबाईच्या कानावर गेली, आणि एके दिवशी टेम्पो घेऊन ती दारात हजर. काकांच्या कंपनीचा रंग म्हणजे तिच्या दृष्टीने देवाच्या घरचा. सगळे ड्रम तिने नेले आणि त्या दिवाळीला चाळ रंगवून काढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुढून, मागून, वर पाण्याची टाकीसुद्धा.

मी बघायला गेले आणि दारातच थांबले. गुलाबी म्हणावा तर गुलाबी नव्हता, जांभळा म्हणावा तर जांभळाही नव्हता. कोपरच्या त्या करड्या-पिवळ्या बिल्डिंगांच्या मधे ती चाळ कुठूनही ओळखू येत होती. मालकीणबाई मला हाताला धरून फिरवत होती. "बग, कसा झालाय! सगली विचारतान, यो कुठला रंग? मी सांगतंय, तेरडी!" आणि खरंच, पुढे रिक्षावाल्यांना 'तेरडी चाळ' म्हटलं की पुरायचं.

काका आपल्या खोलीच्या पायरीवर बसले होते. रंग कोणता हे त्यांना ठाऊक होतं. ड्रम त्यांच्याच खात्यातून गेले होते. ते आपल्या चुकीच्या आत राहत होते, चारी बाजूंनी, आणि ती त्यांना दिसत नव्हती. मी शेजारी बसले तेव्हा हलक्या आवाजात म्हणाले, "चांगली बाई आहे. तिला सांगू नकोस हा चुकलेला आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "दिसत नाही ते एक बरं आहे."

पुढे ते निवृत्त झाले. कारखान्यात रंग जुळवायचं यंत्र आलं. मागची भिंत पाडून तिथे गोदाम झालं, पांढऱ्या सिमेंटचं, गुळगुळीत. ही बातमी काकांना सांगायला मीच कोपरला गेले होते. कशी सांगावी याची जुळवाजुळव करत होते, तर मालकीणबाईने आम्हाला दोघांना चाळीच्या मागे नेलं. मागच्या जोत्याचे जुने दगड उघडे होते, आणि त्यांच्या फटीफटीतून तेरडा वर आला होता. एवढ्या वर्षांच्या गौरींच्या शेंगांतून काकांच्या वर्तमानपत्राबाहेर उडालेलं, खोलीतून झाडून मागे टाकलेलं बी. काका खाली बसले आणि हातांनी पानं चाचपू लागले. "फुललाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो काका. खूप." त्यांच्या अगदी तोंडासमोर फूल होतं.

डोळे पिकले तेव्हा आषाढ लागला होता. सगळे म्हणाले, पावसाळ्यात ऑपरेशन कोण करतं, थंडीत करा. डॉक्टरही तेच म्हणाले. पण काका हटून बसले. थंडीत तेरडा नसतो, एवढं एकच कारण. शेवटी एका डोळ्याचं झालं. पट्टी काढल्यावर काही दिवसांनी मी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं. रिक्षा चाळीच्या वळणावर आली तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

रिक्षा थांबली. ते उतरले, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि चाळीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मालकीणबाई दारात उभी होती, चेहरा फुललेला, आपलं घर पहिल्यांदा दाखवत असल्यासारखी. "काय रंगवाले? दिसतंय क?"

"दिसतंय," काका म्हणाले. "निळा फार झाला."

ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मला त्या दिवशी वाटलं, हे ऑपरेशन करायला नको होतं.

गौरी यायला थोडेच दिवस राहिले असताना मालकीणबाईचा निरोप आला, ये म्हणून. चाळीच्या टोकाला तिने लग्न ठरलेल्या धाकट्या मुलासाठी एक नवी खोली काढली होती. तिच्या भिंती पांढऱ्या होत्या आणि गौर यायच्या आत त्या बाकी चाळीसारख्या करायच्या होत्या. पण तो रंग मिळेना. मिळणार कुठून? कुठल्याही कंपनीच्या शेड कार्डात तो नव्हताच. डोंबिवलीतल्या दुकानदाराने दाखवलेले सगळे डबे तिने नाकारले होते. आता ती काकांच्या दारात बसून होती.

"माझ्याच्याने नाही होणार," काका आतून म्हणत होते. "अहो, तो रंग नाहीच आहे. ती माझी चूक आहे. परत आलेला माल आहे तो."

मला वाटलं, आता हिचा चेहरा उतरणार. ती जराही हलली नाही. "मना ठाव हाय," ती म्हणाली. "टेंपोवाल्याने तवाच सांगितला. मंग? आवरी वरसं आमी त्यात राहतांव. आमचा रंग हाय तो. नव्या पोरीला या घरात वेगली भिंत देऊ क? उठा."

काका बाहेर आले. पांढऱ्या रंगाचा डबा, लाल आणि निळ्याच्या बाटल्या दुकानातून आणल्या होत्याच. सावलीच्या बाजूला, जिथे जुनी भिंत नव्या भिंतीला मिळते तिथे ते बसले आणि ढवळायला लागले. पहिला पट्टा त्यांनी नव्या भिंतीवर ओढला, वाळू दिला. सुंदर गुलाबी. मंगल कार्यालयाला हवा होता तसाच असणार.

"यो आमचा नाय," मालकीणबाई म्हणाली.

काकांनी निळा घातला, थोडा. पुन्हा पट्टा. "थोरा अजून." पुन्हा. चाळीतल्या बायका जमल्या, प्रत्येकीचं काही ना काही म्हणणं होतं. जन्मभर जिथे थांबायचं शिकले तिथे काकांचा हात आपोआप थांबायचा, आणि त्यांना तो मुद्दाम पुढे न्यावा लागायचा. प्रत्येक थेंबाला ते डोळे बारीक करत होते. आता त्यांना निळा दिसत होता, अगदी लख्ख, आणि तो जास्त होतोय हे समजत असताना ते तो घालत होते.

दुपार कलायला लागली तेव्हा त्यांनी एक पट्टा नेमका सांध्यावर ओढला, अर्धा जुन्या भिंतीवर, अर्धा नव्या. वाळायची वाट बघितली. मग नाक लागेल इतके जवळ जाऊन बघितलं, मागे येऊन बघितलं, बाजूने बघितलं. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते कुणालाच सांगता आलं नसतं. मालकीणबाईने त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि ती थेट भिंत रंगवायलाच लागली, तिला घाई होती.

काका जोत्यावर बसले. एकदा अख्ख्या चाळीवरून नजर फिरवली, टाकीपर्यंत. "आता हा चुकलेला नाही," ते मला म्हणाले. "आता हा जुळवलेला आहे."

मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. नव्या डोळ्याला अजून पाणी लागू द्यायचं नाही, हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. मी त्यांना आठवण करून दिली नाही.